चित्रकला सोडून शेतीकडे: जॉर्ज कार्व्हर यांनी कॉलेज का बदलले?

बारावीनंतर मुलाला कुठे घालायचे, हा प्रश्न दरवर्षी तुमच्या घरात येतो. जवळच्या कॉलेजात घातले आणि वर्षभराने तो म्हणाला, मला शेतीच शिकायची आहे, तर? वर्ष वाया गेले असे तुम्हाला वाटेल. त्याला रागावण्याआधी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ही हकिकत वाचा. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे हे नाव तुम्हाला परके नसेल. इथे त्यांच्या शिक्षणाची वाट पाहू.

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात एका गुलाम आईच्या पोटी झाला. ते तान्हे असताना दरोडेखोरांनी माय-लेकरांना पळवले. मूल परत मिळाले, आई मात्र मिळाली नाही. शेताचे मालक मोझेस आणि सुझन कार्व्हर यांनी त्यांना वाढवले. तब्येत नाजूक असल्याने जड कामाऐवजी घरकाम आणि बागकाम वाट्याला आले. शेजारीपाजारी आजारी झाडे त्यांच्याकडे आणू लागले.

गावात काळ्या मुलांना शाळा नव्हती. शिकण्यासाठी ते लहानपणीच घराबाहेर पडले. लोकांचे कपडे धुणे, इस्त्री करणे, स्वयंपाक करणे अशी कामे करत गावोगाव फिरून त्यांनी शालेय शिक्षण घेतले. पुढे कॅन्सासमधील हायलँड येथील कॉलेजने त्यांना पत्राने प्रवेश दिला. पण ते दारात उभे राहिले तेव्हा रंग पाहून नाकारला. खचलेल्या मनाने त्यांनी कॅन्सासच्या माळरानावर जमीन घेतली, मातीच्या ढेपांचे घर बांधले आणि काही काळ शेती केली.

१८९० मध्ये, पंचविशी ओलांडल्यावर, आयोवा राज्यातील इंडियानोला येथील सिम्पसन कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. विषय होते चित्रकला आणि पियानो. फी भरल्यावर हातात जेमतेम काही सेंट उरले. त्यांनी विद्यार्थ्यांचे कपडे धुण्याचे काम सुरू केले आणि त्यावर गुजराण केली.

खरे वळण इथे आले. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी पाहिले की हा विद्यार्थी झाडे नुसती काढत नाही, त्याला झाडे कळतात. काळ्या माणसाला चित्रांवर पोट भरता येईल का, ही काळजीही त्यांना होती. त्यांचे वडील एम्स येथील आयोवा राज्य कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. तिकडे जा, असे त्यांनी सुचवले. कार्व्हर यांच्यासाठी हा निर्णय सोपा नव्हता. चित्रकला त्यांचा जीव होती. पण आपल्या लोकांना शेतीच्या ज्ञानाचा जास्त उपयोग होईल, हा विचार जड ठरला आणि १८९१ मध्ये त्यांनी कॉलेज बदलले.

एम्समध्ये ते पहिले काळे विद्यार्थी होते. सुरुवातीला इतरांसोबत जेवायलाही बसू दिले नाही. तळघरात कामगारांबरोबर जेवावे लागे. तरीही ते टिकले. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळाली. वनस्पतिशास्त्रज्ञ लुई पॅमेल यांच्या हाताखाली त्यांनी बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला, हरितगृह सांभाळले, संकर आणि कलमांवर काम केले. पानावरचा डाग नेमका टिपण्याची चित्रकाराची नजर इथे कामी आली. सिम्पसनचे वर्ष फुकट गेले नव्हते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या युक्का वनस्पतीच्या चित्राची दखलही घेतली गेली.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलावले. तिथे प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी भंगारातून बाटल्या, डबे, भांडी गोळा केली आणि काम सुरू केले. भोवतालची जमीन वर्षानुवर्षे कापसामागे कापूस घेऊन थकली होती. शेतकरी बहुतेक वाट्याने करणारे आणि कर्जात बुडालेले होते. विकतचे खत त्यांना परवडणारे नव्हते.

कार्व्हर यांनी सांगितलेला उपाय तुमच्या ओळखीचा आहे: पिकांची फेरपालट. चवळी, भुईमूग यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. मुळे आणि पाला जमिनीत राहिला की पुढच्या पिकाला बेवड चांगला मिळतो. जोडीला जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून घालायला ते सांगत. १९१० च्या सुमारास कापसाची बोंडे पोखरणारा सोंड्या भुंगा अलाबामात पोहोचला, तेव्हा कापसाला दुसरे पीक असण्याची किंमत सर्वांना कळली.

पण भुईमूग पिकला तरी खपला पाहिजे. म्हणून १९१६ च्या पुस्तिकेत त्यांनी भुईमुगाच्या लागवडीसोबत त्याचे १०५ पदार्थ दिले. पीनट बटर त्यांनी शोधले, असे सांगितले जाते; ते खरे नाही. त्यांनी सुचवलेली कितीतरी उत्पादने बाजारात चाललीही नाहीत. त्यांचे मोठे काम शेतकऱ्याच्या बांधावर झाले. १९०६ मध्ये अवजारे आणि नमुने भरलेली ‘जेसप वॅगन’ ही घोडागाडी गावोगाव फिरू लागली. जो शाळेत येऊ शकत नाही, त्याच्याकडे शाळा गेली. कृषी सहायकांनो, तुमच्या आजच्या शेतीशाळेचे हे जुने रूप समजा.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीतच त्यांचे निधन झाले. तिथे त्यांनी ४६ वर्षांहून अधिक काळ काढला होता.

आता तुमच्या घरातल्या प्रश्नाकडे या. मुलगा किंवा मुलगी मार्ग बदलायचे म्हणत असेल, तर वर्ष गेले म्हणून लगेच नाही म्हणू नका. आधी विचारा की नवे शिक्षण कशासाठी हवे आहे. मागच्या वर्षात काय हाती लागले, तेही विचारा. प्रवेशाचे नियम संबंधित विद्यापीठाकडून लेखी समजून घ्या. त्याला जवळून ओळखणाऱ्या शिक्षकांचे मतही घ्या. कार्व्हर यांना शेतीची वाट एका चित्रकलेच्या शिक्षिकेने दाखवली होती.