दगड होऊन बसणारा शिकारी आणि कर्नल साईक्स

27 जुलै 2019 आठवतोय? उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मधे, चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना सोडवावं लागलं. ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

पावसात पाणी शेतात शिरलं की मासेही चढतात. त्याला आपल्याकडे वलगण म्हणतात. त्यांच्यावर टपलेला असतो मरळ. पाठलाग वगैरे नाही हां! गवताच्या आडोशाला गप्प राहायचं, मधूनच वर येऊन हवा घ्यायची आणि सावज टप्प्यात आलं की एकच झडप.

संथ पाण्यात हे जमतं. पण खळाळत्या धारेत? उल्हास ज्या लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते, तिथूनच पलीकडच्या उतारावर इंद्रायणी निघते. त्या अंगाच्या, भीमेच्या खोऱ्यातल्या नद्यांमध्ये याच विद्येचा मोठा उस्ताद सापडला: गूंच. चपटं पोट, बारके डोळे, खालच्या बाजूला रुंद तोंड, अंगावर मातकट डाग. हा तळाच्या दगडांत असा पडून राहतो की तोच दगड वाटावा. प्रवाहाशी झगडण्यात ताकद घालवायची नाही, जवळून जाणारा मासा गिळायचा. माणसाच्या उंचीएवढा होऊ शकतो. उत्तरेत काली नदीच्या गूंचनं माणसं ओढून नेल्याच्या गोष्टी टीव्हीवर गाजल्या, सिद्ध मात्र काही झालं नाही.

या माशाला शास्त्राच्या वहीत आणलं विल्यम हेन्री साईक्सनं. जन्म 1790चा, इंग्लंडमधला. चौदाव्या वर्षी, म्हणजे तुम्ही आठवी-नववीत होतात त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध लढला. आणि ज्या मुलखावर बंदूक रोखली, तोच मोजायचं काम 1824 मध्ये त्याच्याकडे आलं. कंपनीला महसूल हवा होता, म्हणून माणसं, पिकं, जमिनी यांचे आकडे गोळा करायचे. साईक्स मात्र तिथेच थांबला नाही. पक्षी, प्राणी, मासे, जे दिसेल ते टिपत गेला. मला विचाराल तर सरकारी नोकरीतलं हे सगळ्यात गोड विषयांतर.

1831 मध्ये तो परतला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा अभ्यास 1830च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे आला. त्यातली लॅटिन नावं मोठ्यानं वाचून बघा: खुद्री, कोळस, नुक्ता, मल्या. अहो, ही तर नदीकाठची मराठी! नाकाड्यावर टेंगूळ असलेला नुक्ता आज धोक्यात आहे. साईक्सची चित्रं उरली, पण त्यानं वर्णन केलेले मूळ नमुने उरले नाहीत. त्यामुळे त्याचा मसुला नेमका कुठला मासा, यावर अभ्यासक कितीतरी वर्षं भांडत राहिले.

पुढे साईक्स कंपनीचा अध्यक्ष झाला, 1857 पासून ॲबरडीनचा खासदार. 1872 मध्ये वारला, तोवर खासदारच होता.

आणि गूंच? त्याला मात्र साईक्सनं विल्यम यारेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाचं नाव दिलं. बगेरियस यारेली. दगड होऊन बसणाऱ्या त्या माशाला आपले कोळी ज्या नावानं हाक मारत, ते काही शास्त्राच्या वहीत गेलं नाही.