महर्षींचे थोरले चिरंजीव

कोकणातल्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे नावाचा एक मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत आला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. पुढे हाच मुलगा महर्षी झाला. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र शाळेच्या पुस्तकात मला कुठे भेटले नाही. ते भेटले कॉलेजच्या ग्रंथालयात.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात. मला तिथून पुढे जाववेना. माझ्या आजीची थोरली जाऊ अशीच गेली. अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवते, एरवी घरात तिचे नाव निघत नाही.

रघुनाथराव अभ्यासात अतिशय हुशार होते. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून बी. ए. झाले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये गणितासाठीच पॅरिसला गेले. असा माणूस सुखाने पगार घेत राहिला असता. परंतु परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र काढले तेही याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. मागे होते ते लोक. ज्या गोष्टीचा नवरा-बायकोतही उच्चार होत नसे, ती गोष्ट एक प्राध्यापक पुस्तक लिहून सांगतो, साधने समजावून देतो, हे कोणाला रुचणार? विल्सन कॉलेजातली नोकरी १९२५ मध्ये गेली. पत्नी मालतीबाई मात्र त्यांच्याबरोबर राहिल्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही. शंभर वर्षांपूर्वी मूल नसलेल्या बाईला गावात काय ऐकावे लागत असेल, हे आम्हा खेड्यातल्या मुलींना वेगळे सांगायला नको.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिणारे, वाचकांच्या खाजगी शंकांना न लाजता उत्तरे देणारे हे मासिक सव्वीस वर्षे चालले. मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत. (आमच्या घरी ते आले असते तर चुलीत गेले असते, आणि पाठोपाठ माझे कॉलेजही!) अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ च्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला, दोनशे रुपये दंड भरावा लागला. मासिक चालूच राहिले.

आता माझा मुद्दा. कर्व्यांना आपण कुटुंबनियोजनाचे आद्य प्रचारक म्हणतो आणि मोकळे होतो. पण लोकसंख्येचा आकडा हा त्यांच्या विचाराचा गाभा नव्हता. मूल हवे की नको आणि हवे तर केव्हा, हे जिला नऊ महिने वाहायचे तिच्या इच्छेने ठरावे, हा गाभा होता. आमच्या भागाने त्यातली निम्मी गोष्ट घेतली. मी माण तालुक्यातली, शिकते सांगलीत. आजीला नऊ मुले झाली, सहा जगली. आईला आम्ही चार : आधी तीन मुली, मग भाऊ आणि मग ऑपरेशन. मी त्यातली तिसरी. भाऊ माझ्या आधी जन्मला असता तर हा लेख कोणी लिहिला नसता.

घर लहान झाले, पण कोणाला वगळून? २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८५१. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. आमच्या आळीतल्या एका ताईचे नाव तेव्हा कागदावर बदलले. गोठ्यातून हाक अजून जुन्याच नावाने येते. याच सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहितांसाठी योजना काढली होती : पहिले मूल दोन वर्षे लांबवले तर पाच हजार, तीन वर्षे लांबवले तर साडेसात हजार. योजना चांगली होती. पण सासू नातू मागते तेव्हा साडेसात हजारांचे काय चालते?

आता वारे फिरले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले होतात. माझा चुलतभाऊ गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडूत असतो. खोलीचे भाडे, शाळेची फी आणि मदतीला माणूस नाही, हे सगळे पाहून वहिनी एका मुलीवर थांबली. वंशाला दिवा नको का, म्हणून आजी फोनवर दर आठवड्याला विचारते. वहिनी शांतपणे सांगते, आत्याबाई, दिवा आहे की. भाऊ बाजूला उभा राहून ऐकतो. निर्णय तिचा आहे, हे त्याने मान्य केले आहे. सोयीसाठी का होईना, कर्व्यांची राहिलेली निम्मी गोष्ट मला त्या एका खोलीत दिसली.

रघुनाथरावांना हे पाहायला मिळाले नाही. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. तोवर तीस वर्षे त्यांनी हे काम पदरमोड करून केले होते. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले. वडील, अण्णासाहेब, त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते आणि हयात होते. पुढे त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या मासिकाचा नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा.