आनंदीबाई जोशी : दहा दिवसांच्या बाळाची आई ते बाळंतपणावर प्रबंध लिहिणारी डॉक्टर

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला माहीत असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असतो, त्यांच्यावर सिनेमाही आला. पण पदवीसाठी त्यांनी प्रबंध कशावर लिहिला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. विषय होता बाळंतपण. आणि त्यात त्यांनी आयुर्वेदाचे जुने ग्रंथ आणि अमेरिकेत शिकलेली नवी पुस्तकं, दोन्हींचा आधार घेतला होता.

घरात आजी बाळगुटी उगाळत असते आणि दवाखान्यात डॉक्टर फक्त आईचं दूध द्या म्हणतात. आजच्या आईबापांसमोरचा हा पेच आनंदीबाईंच्या आयुष्यातही होता. त्यांनी तर त्याची फार मोठी किंमत मोजली होती.

यमूची आनंदी झाली

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घर कल्याणचं. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर आणि बायकोपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठे. त्यांनीच यमुनेचं नाव आनंदी ठेवलं.

बायकोला शिकवायचंच, हा गोपाळरावांचा हट्ट होता. त्या काळात ही गोष्ट मोठी होती, पण हट्टाची पद्धत कठोर होती. अभ्यासासाठी धाक आणि प्रसंगी मारहाणही व्हायची. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याची आठवण करून दिली आहे.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. बाळाला हवी ती वैद्यकीय मदत मिळाली नाही.

त्या काळी बाळंतीण अंधाऱ्या, बंद खोलीत असायची. मदतीला सुईण. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेणं बहुतेक घरांत चालायचं नाही आणि बाई डॉक्टर तर जवळपास नव्हत्याच. नवी औषधं शहरात येऊनही बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हती. बाळ गेल्यानंतर आनंदीबाईंच्या शिक्षणाला दिशा मिळाली. आपण डॉक्टर व्हायचं, हे त्यांनी ठरवलं.

एका पत्रामुळे अमेरिकेचं दार उघडलं

बायकोच्या शिक्षणासाठी मदत मिळावी म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या ते वाचलं आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची तब्येत तेव्हाही बरी नसायची. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा चालूच होता. मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण त्यांचा उपयोग झाला नाही.

बाई एकटी परदेशी जाणार म्हटल्यावर टीका सुरू झाली. तेव्हा जोशी दांपत्य बंगालमधल्या श्रीरामपूरला होतं. तिथल्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. देशात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे आणि आपण हिंदू राहूनच शिकून परत येणार, हे त्यांनी लोकांसमोर मांडलं. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये त्यांना प्रवेश मिळाला.

प्रबंधात जुनं आणि नवं एकत्र

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र.

तेव्हा युरोप-अमेरिकेतही बाळंतपण बदलत होतं. हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू कमी होतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात दाखवून दिलं होतं. डॉक्टरांनी ते मनापासून स्वीकारायला पुढची काही दशकं गेली.

अशा वेळी जुन्या ग्रंथांत काय होतं? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतपणाचं सविस्तर वर्णन आहे. बाळंतिणीजवळ चार अनुभवी, वयस्क बायका असाव्यात आणि त्यांची नखं कापलेली असावीत, असं तिथे सांगितलं आहे. नाळ आठ बोटं मोजून दोऱ्यानं बांधावी आणि मग कापावी, हेही आहे. जंतूंचा शोध लागायच्या कितीतरी आधी कापलेल्या नखांचा हा नियम लिहिला गेला होता.

पण त्याच ग्रंथात आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं असं धरून बाळाला आधी मध-तूप चाटवायला सांगितलं आहे. आजचं वैद्यकशास्त्र इथे स्पष्टपणे नाही म्हणतं. पहिल्या दिवसांचं पिवळसर, घट्ट दूध, म्हणजे चीक, बाळाला रोगांपासून वाचवतं. ते जन्मानंतर तासाभरात पाजायला हवं. मधात बॉट्युलिझम या आजाराचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत.

म्हणजे परंपरेतलं सगळं ठेवा किंवा सगळं टाका, असा हिशोब करून चालत नाही. एकेक गोष्ट तपासावी लागते. हलक्या हातानं तेल लावणं, बाळाला आईच्या अंगाशी उबेत ठेवणं, बाळंतिणीला विश्रांती आणि सकस जेवण देणं, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. नाका-कानात तेल सोडणं, बंद खोलीत धुरी देणं आणि सहा महिन्यांच्या आत घुटी चाटवणं टाळायला हवं. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं लागत असेल, श्वास भराभर चालत असेल, तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

डॉक्टर झाल्या, पण वेळ मिळाला नाही

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ करण्यात आली होती. पण अमेरिकेतली थंडी आणि अपुरा आहार यांनी मुळातली नाजूक तब्येत आणखी ढासळली. क्षय बळावला होता. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या तेव्हाच खूप आजारी होत्या. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही.

पुण्यात त्यांच्यावर आयुर्वेदिक उपचार झाले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्यावर लागू पडणारं औषध जगात कुठेच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. त्यामुळे फिलाडेल्फियाचं शास्त्र आणि पुण्याचं वैद्यक, दोन्ही त्यांच्यासाठी अपुरं पडलं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचं निधन झालं. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

मग पुढे काय झालं?

आनंदीबाईंना एकाही भारतीय बाळंतिणीची सेवा डॉक्टर म्हणून करता आली नाही, असं म्हणून ही गोष्ट बहुतेकदा संपवली जाते. पण बाळंतिणीच्या खोलीपर्यंत शास्त्र न्यायचं, हा त्यांचा मूळ प्रश्न नंतरही कुणी ना कुणी हातात घेत राहिलं.

त्यातलं एक मोठं काम महाराष्ट्रातच झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन आणि ताप बघायच्या, आईला दूध पाजायला मदत करायच्या आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या. या गावांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे घरी जाऊन बाळ तपासायची ही पद्धत देशभरात आशा सेविकांच्या कामाचा भाग झाली.

आनंदीबाईंच्या कल्याणहून माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात आलं की मढ लागतं. आज मढसारख्या गावात दवाखान्यात जन्मून घरी आलेल्या बाळाला बघायला आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. म्हणजे बाळ दहा दिवसांचं होईपर्यंत दोन भेटी झालेल्या असतात. त्याआधी जन्मानंतर लगेचच त्याला बीसीजीची लसही टोचलेली असते. ज्या क्षयानं आनंदीबाई गेल्या, त्याच्या लहान मुलांमधल्या गंभीर प्रकारांपासून ही लस वाचवते.

आशाताई दारात आल्या की आजीच्या हातची तेलाची वाटी बाजूला ठेवायची गरज नाही. मध आणि घुटी मात्र ठेवून द्यायची आणि बाळाचं वजन करून घ्यायचं.