नगरच्या किल्ल्यात चाचा नेहरूंचा व्यायाम



व्यायाम करावा हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. शाळेच्या भिंतीवर तसा सुविचारच लिहिलेला असतो. पण व्यायाम सुरू करणं सोपं आणि चालू ठेवणं फार अवघड. पहिल्या दिवशी पंचवीस सूर्यनमस्कार होतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून दहा होतात. तिसऱ्या दिवशी थंडी फार असते. आणि चौथ्या दिवशी आपण गोधडीतून बाहेरच येत नाही! असं का होतं? आणि कंटाळा न येऊ देता व्यायाम कसा चालू ठेवायचा?

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या नगरच्या किल्ल्यात एक थोर कैदी राहून गेला. त्याला मैदान नव्हतं, स्पर्धा नव्हती, शाबासकी द्यायला कुणी नव्हतं. तरी त्याने आपलं शरीर गंजू दिलं नाही. हा कैदी म्हणजे आपले चाचा नेहरू, भारताचे पहिले पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू. त्यांचं राजकारण आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतोच. आज त्यांच्या व्यायामाची गोष्ट वाचू या.

बालपण आणि तरुणपण

जवाहरलालजींचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबाद येथे झाला. या शहराला आता प्रयागराज म्हणतात. वडील मोतीलाल नेहरू हे नामांकित वकील होते. घरी कशाची वाण नव्हती. घरात पोहण्याचा हौद होता, तबेल्यात घोडे होते.

लहानपणी जवाहर घोड्यावर बसायला शिकत होता. एकदा तो खाली पडला आणि घोडा एकटाच घरी परतला. घरी वडिलांकडे पाहुणे जमले होते. रिकामा घोडा पाहून सगळे घाबरले आणि मुलाला शोधायला निघाले. वाटेत जवाहर भेटला तेव्हा जणू काही मोठा पराक्रम करून आल्यासारखं त्याचं कौतुक झालं! पडला म्हणून त्याचं घोड्यावर बसणं मात्र थांबलं नाही.

पुढे १९०५ साली ते शिकायला इंग्लंडला गेले. हॅरोची शाळा आणि मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. १९१० साली ते नॉर्वे देशात डोंगर हिंडायला गेले होते. तिथे हिमनदीच्या थंडगार पाण्यात आंघोळीला उतरले. पाय घसरला, अंग बधिर झालं आणि प्रवाह त्यांना ओढून नेऊ लागला. पुढे मोठा कडा होता. बरोबरच्या मित्राने काठाने पळत जाऊन त्यांचा पाय पकडला आणि त्यांना बाहेर ओढलं. १९१६ साली काश्मीरच्या डोंगरात बर्फावरून चालताना ते भेगेत पडले. कमरेला दोर होता म्हणून वाचले.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की हा माणूस मोकळ्या हवेतला होता. डोंगर, पाणी, घोडा, लांब चालणं ही त्यांची आवड होती. अशा माणसाला चार भिंतींत कोंडलं तर त्याचं काय होईल, हे पुढे पाहा.

तुरुंगातली मोट

स्वातंत्र्याच्या लढ्यात पंडितजी ९ वेळा तुरुंगात गेले. सगळे दिवस मोजले तर सुमारे ९ वर्षं होतात. म्हणजे आपण पहिलीत जाऊन नववी पूर्ण होईपर्यंतचा काळ!

पहिली अटक डिसेंबर १९२१ मध्ये झाली. लखनौच्या तुरुंगात त्यांच्या वाट्याला एक लहानसं आवार होतं. पळायला मैदान नव्हतं. मग ते आणि त्यांचे सोबती त्याच आवारात गोल गोल पळत. शिवाय तिथे एक विहीर होती आणि तिच्यावर मोट होती.

मुलांनो, मोट म्हणजे काय हे घरी आजोबांना विचारा. विजेचे पंप नव्हते तेव्हा आपल्याकडे विहिरीचं पाणी मोटेनेच काढत. कातड्याची मोठी मोट नाड्याला बांधून विहिरीत सोडायची. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर यायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. लखनौच्या तुरुंगात बैलांच्या जागी दोन माणसं स्वतःला जुंपून घेत आणि मोट ओढत. त्या माणसांत जवाहरलाल नेहरू असत. त्या पाण्यावर तुरुंगातली छोटी भाजीची बाग भिजायची.

पाहा बरं, नुसत्या जोर-बैठका काढल्या तर घाम येतो आणि जातो. पण मोट ओढली तर व्यायामही होतो आणि भाजीही उगवते. उद्या रोपं सुकतील हे ठाऊक असलं की आज आळस करून चालत नाही. कंटाळा घालवण्याचा हा एक चांगला उपाय आहे. शिवाय मोट ओढायला जोडीदार लागतो. जोडीदार उभा राहिला की आपल्यालाही उठावंच लागतं.

१९३० साली नैनीच्या तुरुंगात त्यांना एका गोल आवारात ठेवलं. भोवती उंच भिंत होती. पाहायला वरचं आभाळ तेवढं मोकळं. तिथे ते सूत कातत, नवार विणत. पुढे त्यांनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी विणली गेली आणि मार्च १९४२ मध्ये इंदिराजी आपल्या लग्नात तीच गुलाबी साडी नेसल्या. रोज थोडं थोडं केलेलं काम केवढं होतं, हे या साडीवरून समजतं.

पंडितजींना शीर्षासन फार आवडायचं. डोकं खाली, पाय वर! शरीराला ते चांगलं असतंच, पण त्यांना त्याचा मनावर होणारा परिणाम जास्त आवडे. आपण असे उलटे उभे आहोत याचं त्यांचं त्यांनाच हसू येई. हसू आलं की राग निवळतो, लहानसहान गोष्टींचा त्रास कमी होतो. तोंड वाकडं करून केलेला व्यायाम फार दिवस टिकत नाही, हेही आपण यातून शिकावं. (शीर्षासन मात्र गुरुजी जवाळ असल्याशिवाय कुणीही करू नये. मानेला इजा होते.)

कसलेलं शरीर कामाला कसं येतं हे १९२८ साली दिसलं. लखनौमध्ये सायमन कमिशनच्या विरोधात निदर्शनं झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पंडितजींच्या अंगावरही लाठ्या बसल्या. अंग सुजलं, पण ते जागचे हलले नाहीत. आपलं शरीर एवढा मार सोसू शकतं याचा त्यांना आनंदच झाला.

१९३६-३७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी चार-पाच महिन्यांत सुमारे ५० हजार मैल प्रवास केला. आगगाडी, मोटार, विमान, बैलगाडी, घोडा, उंट, हत्ती, होडी, आणि काही नसेल तिथे पायी. वय होतं ४७!

नगरचा किल्ला

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे सरकारने पुढाऱ्यांना पकडलं आणि खास आगगाडीत बसवलं. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बाकीच्या पुढाऱ्यांना घेऊन गाडी नगरला आली.

नगरच्या किल्ल्यात १२ पुढारी कैदेत होते. मौलाना आझाद, सरदार पटेल, नेहरू, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपले शंकरराव देव. आपले पुढारी नेमके कुठे आहेत हे सुरुवातीला सरकारने लोकांना कळूसुद्धा दिलं नाही. पहिले काही दिवस आत वर्तमानपत्र नाही, पत्र नाही. कधी सुटका होईल हेही माहीत नाही.

पंडितजी तेव्हा ५२ वर्षांचे होते. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ एवढा काळ, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक, ते नगरला होते. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यांत लांब कैद.

आतल्या अंगणात फुलबाग करायचं या मंडळींनी ठरवलं. पुण्याहून बियाणं मागवलं. पंडितजींनी यात पुढाकार घेतला आणि हातात कुदळ घेतली. पण किल्ल्यातली जमीन काही काळी कसदार नव्हती. जुन्या बांधकामाचे दगड, चुना, राडारोडा यांनी ती भरलेली. अशा जमिनीत ते भर उन्हात कित्येक तास खणत राहायचे. नगरचं ऊन आपल्याला माहीत आहेच!

खणता खणता काय झालं पाहा. मातीखाली जुन्या भिंतींचे अवशेष लागू लागले. हा किल्ला निजामशाहीतला. इथेच चांदबिबीने मोगलांच्या फौजेला तोंड दिलं होतं. आता उद्या आणखी काय सापडेल, याची पंडितजींना उत्सुकता वाटू लागली. पण फार खोल आणि लांबवर खणायला परवानगी नव्हती. मग जमिनीऐवजी देशाचा इतिहास खणावा असा विचार त्यांनी केला. कुदळ बाजूला ठेवून लेखणी हातात घेतली. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी हाताने सुमारे हजार पानं लिहिली. तोच ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ. १९४६ साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभर गेला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात आपल्या किल्ल्यातली ही खणाखणी आहे.

ते दिवस काही सुखाचे नव्हते. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, आणि हे कैदी काहीच करू शकत नव्हते. त्याच वर्षी मौलाना आझाद यांच्या पत्नी वारल्या, मौलाना इथेच होते. जानेवारी १९४४ मध्ये पंडितजींचे मेहुणे रणजित पंडित गेले. फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. अशा वेळी मन नुसतं बसून राहायला बघतं. हाताला काम असलं, अंगातून घाम निघाला, तर मनाला थोडा आधार मिळतो. व्यायामाने कैद एक दिवसानेही कमी झाली नाही. पण सरकारने कोंडलेला माणूस आतून मोडला नाही, आणि बाहेर आला तो कामाला तयार होऊनच आला.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. या पुढाऱ्यांना वाचायला पुस्तकं होती, अंगण होतं. त्याच लढ्यातल्या कितीतरी साध्या सत्याग्रहींना तेवढंही मिळालं नाही. कुणी चक्की दळली, कुणी खडी फोडली. त्यांचीही आठवण आपण ठेवावी.

पुढे

१५ जून १९४५ रोजी पंडितजींची सुटका झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि ते पंतप्रधान झाले. रात्री उशिरापर्यंत काम असे, तरी योगासनं आणि शीर्षासन त्यांनी सोडलं नाही. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरला ते आजारी पडले आणि २७ मे १९६४ रोजी वारले. वय ७४ वर्षं. व्यायाम केला म्हणून आजार कधी येतच नाही असं नाही. पण ज्या वयात बरेच जण ओट्यावर बसतात, त्या वयात ते देशाचा गाडा ओढत होते.

आपण काय करावं?

पंडितजींच्या या गोष्टीतून आपल्याला करता येण्यासारख्या काही गोष्टी सापडतात.

१. थोडं करावं पण रोज करावं. पहिल्या दिवशी पंचवीस नमस्कार घालून अंग दुखवून घेण्यापेक्षा पाचने सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एक वाढवावा.

२. जोडीदार धरावा. एकट्याची मोट ओढली जात नाही. शेजारच्या मित्राला सकाळी हाक मारायची, तो आपल्याला मारेल.

३. प्रकार बदलावेत. आज पळणं, उद्या लंगडी किंवा खो-खो, परवा दोरीच्या उड्या.

४. उपयोगाचं काम व्यायाम समजून करावं. शाळेच्या बागेला पाणी घालणं, आळी खणणं, आईला हंडा आणून देणं. मुलांनीसुद्धा बरं का! पाण्याला फक्त मुलींनी जायचं हे बरोबर नाही. आणि मुलींनाही खेळायला वेळ मिळाला पाहिजे. पालकांनी याकडे जरूर लक्ष द्यावं.

५. जागा नाही, साहित्य नाही ही सबब सांगू नये. किल्ल्यातल्या कैद्याला अंगण पुरलं. आपल्याला तर सगळं शिवार मोकळं आहे.

६. एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावं. घोड्यावरून पडलेला जवाहर पुन्हा घोड्यावर बसलाच ना?

आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. किल्ला मात्र तिथेच आहे, भोवती खंदक आहे, आणि पुढाऱ्यांच्या खोल्या आत जपून ठेवल्या आहेत. शाळेची सहल तिकडे गेली तर ते अंगण नीट पाहा. आणि उद्या पहाटे थंडी वाजली, गोधडी सोडवेना, तर भर उन्हात दगडधोंड्यांत कुदळ चालवणारे चाचा नेहरू आठवा आणि उठा!