संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारीला भारतातील अनेक शाळांमध्ये सणाचे वातावरण असते. मुंबईतील माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा ही त्यांपैकीच एक. ज्यांच्या स्मरणार्थ हा दिवस साजरा होतो, त्या संत जॉन बॉस्को यांना मात्र नियमित शिक्षणासाठी वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली होती.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेकी या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच वडिलांचे छत्र हरपले. आई मार्गारिटा निरक्षर होत्या. परंतु मुलाने शिकावे, ही त्यांची तळमळ होती. थोरल्या सावत्र भावाला मात्र जॉनच्या हातातील पुस्तक खटकत असे. घरातील कलह वाढला, तेव्हा १८२८ मध्ये आईने जड अंतःकरणाने जॉनला दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस पाठवले. पुढे १८३१ मध्ये ते किएरी या गावी शिकू लागले. वर्गातील मुले वयाने लहान होती, तरी त्यांनी संकोच केला नाही. पडेल ते काम करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला.

१८४१ मध्ये ते धर्मगुरू झाले. इटलीत धर्मगुरूंना आदराने ‘डॉन’ म्हणतात. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तुरिन शहरातील एका चर्चमध्ये सेवकाने एका अनाथ, निरक्षर गवंडीकाम करणाऱ्या मुलाला हाकलून दिले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावून जवळ बसवले व शिकवण्यास आरंभ केला. हळूहळू मुलांची संख्या वाढली. १८४६ मध्ये वाल्दोको भागातील एका साध्या पडवीत त्यांच्या कार्याला हक्काची जागा मिळाली. दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी तेथे रात्रीचे वर्ग भरू लागले. मार्गारिटाही गाव सोडून तेथे आल्या आणि या निराधार मुलांच्या आई झाल्या.

अक्षरांबरोबर हाताला कामही हवे, हे ओळखून १८५३ पासून शिवणकाम व चर्मकामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. बाहेर काम शिकणाऱ्या मुलांना मारहाण होऊ नये, त्यांना वेतन व विश्रांती मिळावी, यासाठी ते मालकांशी लेखी करार करत. शिक्षेपेक्षा माया अधिक शिकवते, हा त्यांचा विश्वास होता.

३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. १९०६ मध्ये त्यांचे अनुयायी तंजावरला आले व त्यांचे कार्य भारतात रुजले. १९३४ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. शिक्षणाची वेळ कधीच टळून जात नाही, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.