मास्टर दीनानाथ

बोर्ली पंचतनपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर मद्याने किती संसार पोखरले, हे आमच्या उपदेशक बंधूंस सांगावयास नको. परंतु हे व्यसन अडाण्यांचेच, असा समज काही मंडळ्यांत आढळतो. म्हणून एका नामांकित पुरुषाचे चरित्र येथे देत आहो.

दीनानाथ मंगेशकर ह्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोमंतकातील मंगेशी येथे झाला. पिता देवळाचे पुजारी. माता येसूबाई त्याच देवळाच्या सेवेतील. पित्याचे आडनाव मुलास लाभले नाही. ते गावावरून घ्यावे लागले. अशा मुलाच्या अंगी मानीपणा बाणला, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही.

गळा तेजस्वी होता. किर्लोस्कर मंडळीत नाव झाल्यावर १९१८ साली त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे ह्यांच्यासह बलवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’त ते लतिका होत, व त्यावरूनच थोरल्या कन्येचे नाव लता पडले. ज्या गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ लिहून मद्यप्याच्या घराची राखरांगोळी दाखविली, त्यांच्याच नाटकांवर ही मंडळी उभी होती!

सांगलीस मोठे घर, पैसा, मानमरातब, सर्व आले. पुढे १९३१ नंतर बोलपट आले आणि नाटकगृहे ओस पडू लागली. मंडळीने ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट १९३४ साली काढला; तो बुडाला, कर्ज मात्र उरले. मंडळी मोडली, घर गेले. दैव फिरले ह्यात त्यांचा दोष नव्हता. पण ह्याच दिवसांत मद्याने त्यांच्यावर पुरता पगडा बसविला, आणि तो दोष दैवावर घालता येत नाही. पाच लेकरांची माता ओढग्रस्तीत संसार रेटीत होती. मुलीने बोलपटात गावे, हे मात्र पित्याच्या अभिमानास रुचेना.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वय अवघे ४१. थोरली लता १२ वर्षांची, धाकटा हृदयनाथ चार वर्षांचा. गाठीस काही नाही. शोक आवरून त्या पोरीस त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ ह्या बोलपटासाठी तोंडास रंग लावून उभे राहावे लागले. पित्यास जे रुचत नव्हते, त्यावरच घरची चूल पेटली.

पुण्यात २००१ साली दीनानाथांच्या नावे रुग्णालय उघडले. ते ह्याच मुलांनी पित्याच्या स्मरणार्थ उभारले.