संत जनाबाई
संत जनाबाई (मृत्यू: परंपरेनुसार इ.स. १३५०, पंढरपूर) या वारकरी संप्रदायातील संत कवयित्री होत. त्यांचा जन्म परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठच्या गंगाखेड येथे झाला. बालपणीच वडील दमा यांनी त्यांना पंढरपूरला दामाशेटींकडे ठेवले. दामाशेटींचे पुत्र संत नामदेव यांच्या या घरात त्या आयुष्यभर दासी म्हणून राबल्या.

दळण, कांडण, शेण्या वेचणे ही कामेच त्यांच्या अभंगांचा विषय झाली. विठ्ठल त्यांच्यासोबत जाते ओढतो; रागावल्यावर त्या त्याला शिव्याही देतात. त्यांच्या नावावरील सुमारे ३५० अभंग नामदेव गाथेत समाविष्ट आहेत.

अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांपर्यंत हे अभंग कीर्तनातून आणि एकमेकींच्या तोंडून पोहोचले. पहाटे दळताना गायिलेल्या ओव्यांत जनी व तिला हात देणारा विठ्ठल वारंवार येतात. त्यामुळे दळणाचे कष्ट कमी झाले नाहीत. पण सासरचा जाच आणि माहेरची ओढ ज्याच्यापाशी बोलावी असा ऐकणारा या स्त्रियांना मिळाला. पुढे गिरण्या आल्या आणि जात्यावरचे गाणे मागे पडले. हेमा राईरकर व गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत.